पेटीपाशी कोण उभं राहणार

शहापूर,
शनिवार, १८ जानेवारी २०२५

चि. गिरजा,

काळूदादाचे तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत, माझे गुडघे तेवढे सोडून. थंडी यंदा बरी पडली. दुकानामागच्या वाडीत वाल फुललाय, सकाळी त्याचा वास आणि आत वॉर्निशचा वास, दोन्ही एकदम येतात.

फोन असताना हा म्हातारा पत्र कशाला लिहितो, असं म्हणशील. फोनवर तू मधेच काहीतरी विचारतेस आणि मी भलतंच बोलून बसतो. कागद मधे बोलत नाही.

दिवाळीनंतर दुकानावर पाटी लावली होती, ‘पंपाची मोटार बांधायला शिकाऊ पाहिजेत’. शिकाऊ तिघं झाली. आपल्या शेणव्याच्या शाळेत कविता चालीवर म्हणायचो, आठवतं? मी अडलो की तू पलीकडच्या रांगेतून नुसते ओठ हलवायचीस. त्या चाली अजून माझ्या कामाला येतात. तांब्याच्या तारेचे वेढे मोजताना मी शिकाऊंना आकडे म्हणू देत नाही, कविता म्हणायला लावतो. एका ओळीला ठरलेले वेढे. आकडा विसरतो, चाल विसरत नाही, आणि हातही घाई करत नाही. सुनील म्हणून एक आला होता, तो आठवड्यात पळाला. जाताना म्हणाला, बाबा, तुमच्याकडे वीज कमी आणि शाळाच जास्त. डोळखांबचा रितेश टिकलाय. हात चांगला आहे, पण फोन वाजला की ओळ सुटते, मग सगळी तार उलगडायची आणि पुन्हा पहिल्या कडव्यापासून.

तिसरी एक बाई आहे. जळकी मोटार उघडून जुनी तार उपसताना तिच्या हाताला फोड आले, तर चिंधी बांधून पुढे उपसत राहिली. आता बांबूच्या पट्टीनं तार खाचेत अशी बसवते की एक वेढा दुसऱ्यावर चढत नाही. परवा एक गिऱ्हाईक तिच्याकडे बघून म्हणालं, “बाईनं बांधलेली मोटार, फिरंल ना?” तिनं मान वर केली नाही. म्हणाली, “घरी तुमचं सगळं कोन फिरवतं, दादा?” रितेश हसून लोटपोट.

इथे पेन ठेवून चहा करून आलो. प्यायलाही नाही, तसाच निवला.

गिरजा, दसऱ्याला तू म्हणालीस, रत्ना एवढे महिने शहापूरला शिवणक्लासला जाते आणि अजून एक झंपर शिवून दाखवला नाही. ती झंपर शिवत नाही. ती माझ्याकडे येते. पाटी लावायच्या आधीपासून येते. पाटी लावली ती तिच्या जोडीला आणखी कुणी असावं म्हणून, दुकानात एकटीच बाई दिसू नये म्हणून.

हरेशला ठाऊक आहे. त्यानंच बायकोला पाठवली. आपल्या पोरावर रागावू नकोस, त्याचा उजवा हात गेल्यापासून घर कसं चाललंय ते तुला मी काय सांगू.

हॉस्पिटलच्या जिन्यात तू मला म्हणाली होतीस, “दादा, माझ्या घरातलं आता कुनी तुझ्या तारेला हात लावायचं नाय.” मी मान हलवली होती. रत्ना पहिल्यांदा दुकानाच्या पायरीवर आली तेव्हा मी तिला हेच सांगितलं. ती म्हणाली, “मामा, आईंनी तुमाला सांगितलं, मला नाय.” आणि हरेशची पक्कड पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

आता खरं लिहायचं ते लिहितो. मंगेशच्या विहिरीवरची मोटार जळली, ती माझ्याकडे आली आणि रत्नानं बांधली. होय, हरेशचा हात गेला तीच विहीर. माझ्या दुकानाचा नियम तुला माहीत आहे, ज्यानं मोटार बांधली त्यानंच ती बसवायची. स्वतःला हात लावायचा असला की माणूस नीट बांधतो. मी नियम मोडायला निघालो होतो, रितेशला पाठवतो म्हणालो. रत्ना दिवसभर ती मोटारच पुसत बसली. संध्याकाळी म्हणाली, “मग माझं बांधलेलं कधीच माझं होनार नाय.” मंगळवारी सकाळी ती विहिरीत उतरणार आहे. पण आईंना न सांगता उतरणार नाही, हेही तिचंच. म्हणून हे पत्र.

फ्यूज काढायचा, स्वतःच्या खिशात ठेवायचा, मग तारेला हात. हरेशला मीच शिकवलं होतं, आणि त्या दिवशी त्यानं तसंच केलं होतं. फ्यूज त्याच्या खिशातच सापडला. भेंडीला पाणी येईना म्हणून कुणीतरी बांधावरच्या फ्यूजच्या पेटीशी आलं आणि रिकाम्या जागेत तारेचा तुकडा खोचून गेलं. आपल्याकडे सगळेच खोचतात. खाली विहिरीत माणूस आहे हे वरून दिसत नाही. रत्नानं ड्रेसला आतून खिसा शिवलाय, क्लासचं शिवण म्हणशील तर तेवढंच. पण नुसता खिसा पुरत नाही, हे तुझ्यामाझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

पेटीपाशी माणूस उभं पाहिजे. मला तेवढा वेळ उभं राहवत नाही आणि बांध चढवत नाही. हरेश उभा राहतो म्हणतो, पण तो अजून घरातल्या पंख्याचं बटण दाबलं की बाहेर जातो, हे तूच सांगितलंस. रितेश हुशार आहे, धीट आहे, आणि फोन वाजला की बाजूला जातो. रात्रभर माणसं आठवत होतो. सगळी धीराची निघाली. मला धीराचं माणूस नको, भ्यालेलं पाहिजे. तुझ्याइतकं भ्यालेलं मला तालुक्यात दुसरं मिळायचं नाही.

तू नको म्हणालीस तर मोटार रितेशकडून बसवून घेतो. फक्त ते रत्नाला तू सांग, मला जमणार नाही. पत्र तिच्याच हाती देतोय. तू वाचून होईपर्यंत ती ओट्यावर बसेल, आत येणार नाही म्हणाली.

हो म्हणालीस तर मंगळवारी पेटीला पाठ लावून उभी राहा. मंगेश येवो, त्याचा बाप येवो, पाण्यासाठी कुणी पाया पडो, बाजूला होऊ नकोस. ती स्वतः वर येऊन तुझ्यासमोर उभी राहीपर्यंत कुणाच्या सांगण्यावर हलू नकोस. माझ्याही.

तिला आत बोलाव आता. बाहेर गारठा असेल.

तुझ्याइतकाच भ्यालेला, तुझा भाऊ,
काळूराम