धाकटीने डॉक्टरांना विचारलंय

१४ नोव्हेंबर, सकाळी सात

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. मीही, म्हणजे माझ्या मानाने. मुलीची परीक्षा चालू आहे, मोरीतला नळ पुन्हा गळतोय.

काल भावजींशी फोनवर बोलले. ते सहज म्हणाले, हल्ली तू भाजीची पिशवी घेऊन मधल्या जिन्यातच बसतेस आणि शेजारणीला सांगतेस, "आमच्या धाकटीने डॉक्टरांना विचारलंय, काही नाही." ते हसत होते. मला हसवेना.

फोन ठेवून डायरी काढली. तू चिडवतेस तीच, नाडीचे ठोके लिहिलेली. जिना चढताना जबडा दुखतो, डावा हात जड होतो, हे तुझं पत्र मला तीन सप्टेंबरला मिळालं. पाच तारखेला माझ्या अक्षरात नोंद आहे: जबडा दुखतोय, डावा हात जड. सहा तारखेला मी दवाखान्यात.

डॉक्टरांकडे मी तुझा विषयच काढला नाही, ताई. मागे तुला चक्कर येते कळल्यावर मलाही यायला लागली, ते सांगायला गेले तेव्हा त्यांनी मला चांगलंच ऐकवलं होतं. म्हणून सगळं माझंच म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्या छातीला तारा लावल्या, ईसीजीची पट्टी पाहिली. म्हणाले, "उत्तम आहे. पण तुम्ही तळमजल्यावर राहता ना? जिना कुठला चढता?"

आणि त्याच संध्याकाळी तुला लिहिलं, डॉक्टरांना विचारलं, काळजीचं काही नाही. तपासलं कुणाला, ते लिहिलं नाही. तू हसशील म्हणून. तू नेहमी म्हणतेस, "माझ्या वाटचा दवाखानाही तूच उरकतेस." या वेळी खरंच उरकला, आणि तू निर्धास्त झालीस.

तुला कुणी तपासलेलंच नाही.

फोनवर म्हणाली असतीस, "झालं तुझं सुरू." माझं इतक्या वेळा सुरू झालंय की तुझा दोष नाही. म्हणून हे लिहून स्वतःच घेऊन आलेय. भावजींच्या हाती वर पाठवते. आठची वेळ घेतलीय, तुझ्या नावावर. मी बाहेर बाकावर बसेन, नाडीसुद्धा दाखवणार नाही.

चिडलीस तरी चालेल. सावकाश उतर, भावजींचा हात धर.

जिन्याच्या पायथ्याशी उभी,
तुझी धाकटी