दुसरी विंडो

बनशंकरी, बेंगळुरू
१२ ऑगस्ट २०२५

ती. मकरंददादा,

नमस्कार. फक्त नमस्कार, लोटांगण नाही, हे आधीच सांगते. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

मी बरी आहे. सर्दी गेली. स्मितावहिनीचं मेतकूट पोचलं. घरमालकीण अक्कांनीच अर्धं संपवलं. ऑफिसही बरं असेल. मी आठवडाभर गेलेले नाही.

तुझा मित्र आणि माझा बॉस गिरीराज तुला काय म्हणाला ते कळलं. "शाळेच्या डेमोत शलाकाकडून चुकून घोटाळा झाला. तसं मेलवर लिहून दे म्हणावं, लगेच परत कामावर घेतो." तूही म्हणालास, लिहून टाक, काय बिघडतं?

ऐक. आम्ही फोनची सिस्टिम डेस्कटॉपवर आणतोय. फोन समोरचं एकच काम जागं ठेवतो, मागचं झोपवतो, कधी बंदच करून टाकतो. टेबलाशी बसून काम करणाऱ्याला ते कसं चालेल? हे दुरुस्त करायला मी वेळ मागितला. गिरीराज म्हणाला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी! थोडं जमवून घे गं. डेमोत एकच विंडो उघड. कोणी दुसरी मागितली तर नेट स्लो आहे म्हण."

बसवनगुडीच्या त्या शाळेत डेमोला तिथल्या शिक्षिका अनुसूया मॅडम स्वतः टाइप करायला बसल्या. कन्नडचा पेपर, चांगला पानभर. मग म्हणाल्या, "गेल्या वर्षीचा पेपर शेजारी उघडता येईल का?"

गिरीराज डोळे वटारून बघत होता. मी आधी त्यांच्या पानाची कॉपी पेन ड्राइव्हवर घेतली. मग दुसरी विंडो उघडली. पहिली कोरी झाली. मॅडमचा चेहरा एवढासा झाला. पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात देत मी म्हटलं, "हे अजून तयार नाही."

चुकून करणारं माणूस आधी कॉपी घेतं का रे? मी मुद्दाम केलं. परीक्षेच्या तोंडावर एखाद्या बाईंचा पेपर उडाला असता, तर गिरीराजने त्यांनाही हेच ऐकवलं असतं, तुमच्याकडून चुकून झालं.

भीती वाटते, खोटं कशाला बोलू? तुमची मैत्री तुटेल याचंही वाईट वाटतं. पण मेल लिहिणार नाही. पुण्यालाही येणार नाही, इथेच काम शोधेन.

त्याचा फोन आला तर सांग, शलाकाने मुद्दाम केलं. आणि जमलं तर पुढे म्हण, माझी बहीण आहे ती.

ठाम, आणि तुझीच,
शलाका