हिरवळीला लागलेली चाई

॥ श्री ॥
ठाणे, कोलशेत रस्ता
माघ वद्य ६, शके १८७५

चि. विश्राम यास हरिहरभाऊजींचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ, सौ. सुहासिनीचं पित्त आणि तुमच्या दादरच्या चाळीतलं नळाचं पाणी ही तिन्ही आपापल्या जागी असतील असं धरून चालतो. नसतील तर उलट टपाली कळव.

आधी तक्रार. भाऊबीजेला तू आलास, ताईने ओवाळलं, चार करंज्या खाल्ल्यास, आणि निघताना फाटकाशी उभा राहून म्हणालास, "भाऊजी, तुमच्या अंगणाला चाई लागलीय." पाहुण्याने यजमानाच्या डोक्याविषयी बोलावं (ते आता सार्वजनिक मालमत्तेसारखं उघडं आहे), स्वयंपाकाविषयी बोलावं, पण हिरवळीविषयी बोलू नये. हा अपराध कोणत्या स्मृतीत बसतो ते तीन महिने शोधतो आहे. सापडला की प्रायश्चित्त कळवीन.

हिरवळीची हौस मला कधी नव्हती, हे तू जाणतोस. गेल्या उन्हाळ्यापासून जोडाक्षरं एकमेकांच्या अंगावर चढू लागली. चष्मा दोनदा बदलला. तेव्हा आमच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी सांगितलं, सकाळी दवात अनवाणी चाला, दृष्टी निवळते. त्यांचा स्वतःचा चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड आहे. पण उपदेश आधी उपदेशकाला लागू पडला पाहिजे असा नियम असता तर मी कधीच शाळेबाहेर असतो. दव साठायला गवत हवं, म्हणून अंगणभर हरळी लावली.

हरळी म्हणजेच दूर्वा, हे संस्कृतच्या शिक्षकाला लावण्याआधी आठवायला हवं होतं. पहिल्याच संकष्टीला शेजारच्या आवडाबाई परडी घेऊन हजर, आणि त्यांच्यामागे अर्धी आळी. (तुझ्या ताईने हळदीकुंकवात जाहीर केलं होतं, आमच्याकडे हव्या तेवढ्या न्या.) एकेकीने तीन पात्यांचे कोवळे एकवीस शेंडे मोजून खुडले, तेही फाटकातून हात पोचेल तिथलेच, आत शिरलं तर देवाच्या दूर्वांना पाय लागतो म्हणून. त्याच दूर्वांवर मी रोज सकाळी अनवाणी फेऱ्या घालतो, हे सांगण्याचं धैर्य मला झालं नाही. फाटकाशी पहिलं टक्कल पडलं ते असं.

मग मी शास्त्राचा आधार घेतला. देवाला उष्टं चालत नाही. तेव्हा काळुरामची शेळी आणून (काळुराम म्हणजे ज्याने आपल्याला ही जागा विकली तो) अंगणाच्या मधोमध बांधली, गवत उष्टं व्हावं एवढ्याच हेतूने. शेळीला हेतू कळला नाही. तिने दाव्याच्या लांबीएवढं वर्तुळ मुळापर्यंत साफ केलं, तेही इतकं बिनचूक की आमच्या भूमितीच्या शिक्षकांनी पाहायला यावं. आवडाबाईंनी लांबूनच पाहणी केली. म्हणाल्या, "बरं केलंत हो मास्तर, उष्टं कुठलं नि चांगलं कुठलं ते आता विचारायला नको." आणि वर्तुळाबाहेरचं चांगलं तेवढं खुडून नेलं.

तू पाहिलीस ती ही अवस्था. शिवाय तुळशीपाशी एक टक्कल होतं, ते ना शेळीचं ना गणपतीचं. शेवटी काळुरामलाच बोलावलं. त्याने तिथली चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली आणि लहानपणचं जेवण आठवावं तसा हसला. "मास्तर, यो माज्या बापाचा मिठाचा ढीग. हितंच रचायचा."

मी विचारलं, मग विकताना बोलला का नाहीस?

"तुमी घर बांधाला घेतली. घरात मीठ नाय लागत?"

मिठागरात खारं पाणी कोंडून मीठ धरतात; काळुरामने तोच व्यवहार उलटा मांडला. अंगणाला गुडघाभर बांध घातला, आत विहिरीचं गोडं पाणी तुंबवलं, दोन दिवसांनी बांध फोडून सोडून दिलं. असं चार वेळा. त्या दिवसांत मी धोतर वर खोचून शाळेला निघायचो आणि येणारे-जाणारे विचारायचे, मास्तर, यंदा भात कुठला लावताय. बेडकांनी मुक्काम केला, तो अजून पुरता उठलेला नाही. मग हरळीच्या कांड्या नव्याने लावल्या, शेळी माहेरी पाठवली, आणि आवडाबाईंसाठी फाटकाशी दूर्वांचा वेगळा वाफा करून दिला. आज हिरवळ अशी सारखी आहे की तू आलास तर तुझे शब्द तुला परत घ्यावे लागतील.

फक्त एक टक्कल राहिलंय, तुळशीच्या जरा डावीकडे, तळहाताएवढं. त्यावर काळुराम ऐकत नाही. दोनदा माझ्या सांगण्यावरून त्याने तिथे पाणी तुंबवलं, तिसऱ्यांदा फावडं ठेवून गप्प बसला. इतका हट्टी माणूस तुझ्या ताईनंतर मी दुसरा पाहिला नाही.

बाकी सर्व क्षेम, निदान गवतापुरतं. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
हरिहर

ता. क. – येताना गवत कापायची मोठी कात्री घेऊन ये. इकडे मिळते ती न्हाव्याची.

ता. क. दुसरा – कात्रीचं राहू दे. काळुराम गप्प बसला म्हणून लिहिलं ते अर्धंच. त्याने माझं मनगट धरून हात त्या टकलावर टेकवला आणि म्हणाला, "मास्तर, हात लावा. गवात हाय." होतं. दाट, ओलं. डोळ्याला ते दिसत नव्हतं. मी चार पावलं सरकलो, तर टक्कलही माझ्याबरोबर सरकलं; आता ते या कागदावर आहे. डोळ्याला तिमिर झालेल्या माणसाला आकाशात दोन चंद्र दिसतात, हा भ्रमाचा दाखला मी वीस वर्षं वर्गात हसत हसत दिला. सध्या धडा पाठ म्हणतो. मुलांना वाटतं मास्तरांना पुस्तक लागत नाही. तुझ्या साहेबांनी त्यांच्या वडिलांचे डोळे ज्यांना दाखवले त्या डॉक्टरांची वेळ घे, आणि कात्रीच्या निमित्ताने मला बोलावून घे. ताईला कळवू नकोस. ती रोज सकाळी माझ्याबरोबर दवात चालते आणि विचारते, आज कसं दिसतंय. मी सांगतो, हिरवंगार.

मला भीती वाटते, विश्राम.