वाइल्ड, पाच-दोन

रविवार, ६ एप्रिल २००८
आजपासून रोजनिशी. माणूस वर चढतो तेव्हा कसा चढला याची कुठेतरी नोंद असावी.
वर म्हणजे आमच्या सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या टीमचा लीड. आमचा डायरेक्टर डेल, जन्मापासून मिनेसोटातला, महिनाअखेरपर्यंत नाव जाहीर करणार. लायक माणूस एकच आहे. दुसरा उमेदवार अवधूत. नागपूरचा, मला पाच वर्षं ज्युनियर, बोलायला आला की माझ्या टेबलावर बसतो.
अडचण अशी की लंचला डेल फक्त आइस हॉकीवर बोलतो आणि त्याला उत्तरं अवधूत देतो. मी ईडन प्रेरीत आठ वर्षं राहून त्या खेळाकडे ढुंकून पाहिलेलं नाही. बर्फावर घसरायचं, एकमेकांना भिंतीवर आपटायचं, आणि ज्या चकतीसाठी हे सगळं ती कोणाला दिसत नाही. पण बुधवारपासून प्लेऑफ सुरू. पहिली फेरी, आमची मिनेसोटा वाइल्ड विरुद्ध कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच, बेस्ट ऑफ सेव्हन.
संकल्प: तोवर एक्स्पर्ट होणे. ज्याला क्रिकेट कळतं त्याला जगातला कुठलाही खेळ कळतो.

सोमवार, ७ एप्रिल
ब्रेकरूममधल्या बोर्डावर सगळ्यांनी भाकितं लिहिली आहेत. अडाण्यांचा बाजार.
रिसेप्शनवरची लिसा: ‘वाइल्ड इन फोर’. सातपैकी फक्त चार जिंकणार? घरच्या टीमवर एवढाच विश्वास? मिळमिळीत बाई. खुद्द डेल: ‘वाइल्ड इन सेव्हन’. सातच्या सात! डायरेक्टर असला तरी भक्त आंधळाच. आणि अवधूत: ‘अ‍ॅव्हलांच इन सिक्स’. म्हणजे आपली टीम सहा-एक अशी चिरडली जाणार, आणि हे डेलच्या नाकासमोर लिहिलंय! स्वतःच्या पायावर धोंडा. मला वेगळं काही करायची गरजच नाही.
तरी मार्कर घेतला. ‘इन’बिन भानगड न ठेवता आकड्यांत लिहिलं: वाइल्ड ५-२. खाली पूर्ण सही.
डेल बराच वेळ बोर्डासमोर उभा होता. मग म्हणाला, वेल, दॅट्स डिफरंट. वेगळेपण ओळखलं म्हणायचं.

मंगळवार, ८ एप्रिल
बायकोला, वीणाला, सांगितलं. खेळातलं काही कळत नसताना तिने विचारलंच की चार जिंकल्या की संपतं ना? ‘इन सिक्स’ म्हणजे सहाव्या मॅचला निकाल लागणार, असं आमच्या नेत्राच्या शाळेतली मुलं म्हणतात म्हणे. मुलं!
शांतपणे समजावलं. गेल्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलिया आपल्याकडे सात वनडे खेळली. नागपूरला आपण मालिका हरलो (नागपूरकडून दुसरी अपेक्षाही नाही), तरी सातवी वनडे मुंबईत झालीच आणि ती आपण जिंकलो. तिकिटं विकलेली असतात. अमेरिकन माणूस पैसे परत देत बसेल का?
ती म्हणाली, मग परवा मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात आपण तीनपैकी दोन फायनल जिंकल्यावर तिसरी कुठे झाली? म्हटलं, ती फायनल होती, ही फर्स्ट राउंड आहे. उठून भांडी घासायला गेली. पटलं.
संध्याकाळी अख्ख्या मजल्याला मेल टाकली, ‘अ‍ॅन एक्स्पर्ट प्रीव्ह्यू’. त्यात स्वच्छ लिहिलं की सात-शून्य हे स्वप्नरंजन, सहा-एक ही गद्दारी आणि लिसाचं चार हा भित्रेपणा. नेत्राने वाचून डॅड, प्लीज डोन्ट म्हटलं. मी सेंड दाबून मोकळा. या घरात उत्तेजन कोणी देत नाही.

बुधवार, ९ एप्रिल
क्युबिकल्समधून दिवसभर खसखस. अवधूतचं भाकीत वाचून हसत असणार. डेलने सगळ्यांना कॉपी करून उत्तर दिलं: डिग, धिस इज गोल्ड! दिगंबर त्याला जमत नाही म्हणून डिग. डिग म्हणजे खोल खणणे. योग्यच आहे.
पहिली मॅच हरलो, ओव्हरटाइममध्ये. चिंता नाही. माझ्या दोन पराभवांपैकी एक आटोपला.

शनिवार, १२ एप्रिल
काल जिंकलो. १-१. हिशोबाप्रमाणे चाललंय.
काल लंचला मास्टरस्ट्रोक. सातवी मॅच मंगळवारी, २२ तारखेला, आपल्याच सेंट पॉलमध्ये. अख्ख्या टीमला बायकामुलांसकट घरी बोलावलं. बटाटेवडे, मोठा टीव्ही, आणि पाचवा विजय डेलच्या डोळ्यांसमोर, माझ्या सोफ्यावर. त्याच सोफ्यावर लीडचं बोलणं उरकून टाकता येईल.
डेल म्हणाला, सातवी झाली तर नक्की येतो. ‘झाली तर’! इकडच्या लोकांना एप्रिलमधल्या बर्फाची भारी धास्ती. मी धीर दिला की कितीही बर्फ पडला तरी होणार, मॅच इनडोअर आहे. डेल खोकला येईपर्यंत हसला. अवधूत मात्र ताटात बघत होता. जळतोय.

मंगळवार, १५ एप्रिल
काल त्यांच्या डेन्व्हरला जाऊन जिंकलो. आज मार खाल्ला, पाच-एक. एकूण २-२. आता फक्त उरलेल्या तिन्ही जिंकायच्या. पहिलीतलं गणित.
दुपारी अवधूत आला, टेबलावर बसला आणि हळूच म्हणाला, दिगंबरभाऊ, बोर्डावरचं बदलून टाका, चार झाल्या की खेळ खतम असते, लोक हसून राहिले. चाल ओळखली. ह्याचं स्वतःचं सहा-एक कधीच बोंबललंय, वाइल्डने दोन जिंकल्यात. मग दुसऱ्याचं तरी का टिकू द्यावं! त्याला म्हटलं, अवधूत, आधी टेबलावरून ऊठ.
उठला बिचारा.

शुक्रवार, १८ एप्रिल
काल घरच्या मैदानावर हरलो. २-३. पाच-दोन तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. हा दोष भाकिताचा नाही. मी योग्य तेच सांगितलं होतं, टीमने ऐकलं नाही.
बोर्डावर ‘सुधारित अंदाज: वाइल्ड ४-३’ लिहून आलो. हवामान खातंही अंदाज सुधारतं. आज तिथे पहिल्यांदाच काही बरोबर दिसतंय, असं लिसा म्हणाली. उशिरा का होईना, बाईला अक्कल आली.
वीणा म्हणते शनिवारची मॅच होऊ दे, मग बटाटे आण. विश्वासच नाही. आणले. गॅरेजमध्ये पोतं ठेवलंय.

रविवार, २० एप्रिल
काल डेन्व्हरमध्ये हरलो, दोन-एक. मालिका २-४.
नेत्राने तिच्या खोलीच्या दारावरचा वाइल्डचा झेंडा उतरवला आणि इट्स ओव्हर, डॅड म्हणाली. डोळे लाल. समजावलं की मालिका गेली तरी मंगळवारी अब्रू राखता येते, तीन-चार हा काही वाईट स्कोअर नाही. तिने दार लावून घेतलं. हरल्यावर पाठ फिरवायची, ही इथे वाढलेली पिढी.
मंगळवारची सुट्टी टाकली. वडे तळायला दिवस जाणार.

सोमवार, २१ एप्रिल
वाइल्डची जर्सी घालून ऑफिसला गेलो. सगळे सुतकी चेहऱ्याने कॉफी पीत होते आणि बोर्डावर अवधूतच्या ओळीभोवती लाल गोल. लोक त्याच्याशी हात मिळवत होते. काय ही भोळी माणसं! सहा म्हणाला, कोलोरॅडोने जिंकल्या चार, तरी अभिनंदन.
डेलला गाठून म्हटलं, नाराज होऊ नकोस, उद्या सहाला घरी ये, उद्याच्या मॅचला आपण लाज राखतो. तो भिंतीला टेकून हसला. डोळे पुसले. मग आणखी चौघांना बोलावून मला तेच पुन्हा म्हणायला लावलं. म्हटलं. तेही हसले.
मग केबिनमध्ये नेलं. लीड अवधूत. डेल म्हणाला, तुझं टेस्टिंग उत्तमच आहे, पण डिग, दोन आठवडे चेहरा इतका गंभीर ठेवून अख्ख्या मजल्याला हसवत ठेवणारा माणूस या कंपनीत आजवर आला नाही. ती सही! ती इनडोअर मॅच! तर जुलैच्या पिकनिकची कमिटी तुझ्याकडे, आणि स्टेजवर पंधरा मिनिटंही तुझीच.
विचारलं, कसली पंधरा मिनिटं? तो पुन्हा हसायला लागला. म्हणाला, गुरुवारी कोलोरॅडो पुढच्या फेरीत डेट्रॉइटशी खेळतेय, मग उद्या सेंट पॉलमध्ये तुझी वाइल्ड एकटीच खेळणार का? आणि डोळा मारला.
मीही मारला.
नंतर पार्किंग लॉटमध्ये जर्सी काढून गाडीत बसलो. चावी लावायचं सुचेना. गुरुवारी दुसरी मालिका असलेली टीम उद्या इथे कशाला येईल? वीणाने विचारलं होतं. नेत्राने सांगितलं होतं. अवधूतने तर मराठीत सांगितलं होतं, आणि मी त्याला टेबलावरून उठवलं.

मंगळवार, २२ एप्रिल
सुट्टी कॅन्सल करायला तोंड नव्हतं. घरीच.
संध्याकाळी सहाला टीव्ही लावला. स्पोर्ट्स चॅनलवर दोन म्हातारे तळ्यात मासे धरत होते. बेल वाजली नाही. वाजणार नव्हतीच.
वीणा येऊन शेजारी बसली. तिने विचारलं, दिगंबर, तुला खरंच माहीत नव्हतं?
म्हटलं, छे गं, जोक होता सगळा.
वीणा हसली नाही.