एक बाई कमी

चि. लखन,

काल तुझ्या भाचीला, स्नेहलला, दहावीनंतर काय करायचं ते विचारायला गंगापूर रोडच्या एका बाईंकडे नेलं होतं. तिथे प्रश्नांचा एक कागद भरून घेतात. ती आत गेल्यावर बसून कंटाळले, म्हणून मीही एक भरायला घेतला. त्याच्याच मागे हे लिहितेय.

नाव, वय, नोकरी बावीस वर्षं, हे पटकन झालं. मग प्रश्न आला, कोणतं काम करताना तुम्हाला वेळेचं भान राहत नाही? बऱ्याच वेळाने लिहिलं, भाताची आवणी. मी, तू आणि आई चिखलात एका ओळीत रोपं लावत मागे मागे सरकायचो, बांध कधी आला ते कळायचं नाही. तेव्हा दमायचो, तशी ऑफिसातून येते तेव्हाही दमलेली असते रे. पण हे ऑफिसचं दमणं वेगळं आहे, झोपूनही जात नाही.

संध्याकाळी तुला फोन केला तो हेच सांगायला. तू विचारलंस, "ताय, काय काम व्हतं?" मी म्हटलं, "काही नाही, सहज." बाबांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करून सहाच महिने झालेत. आता शेताचं नाव काढलं तर तुला भलतंच वाटेल. म्हणून हा कागदही पर्समध्येच राहणार.

हिस्सा मी मनापासून सोडला, लखन. तो नकोच आहे. फक्त यंदा आवणीला मजूर बाया सांगशील, तेव्हा एक बाई कमी सांग.

तुझी ताय,
ललिता