सोल की बुसान

४ नोव्हेंबर

दोन्हीकडून मुलाखतीचं बोलावणं! एक इथली, बुसानची सरकारी फिल्म शाळा — घरून ये-जा, फी नावापुरती. दुसरी सोलची, जिथे कू मॅडम दिग्दर्शन शिकवतात. तिथली दोन वर्षांची फी म्हणजे आईने नूडल्सच्या दुकानासाठी जागामालकाकडे ठेवलेलं अख्खं डिपॉझिट. ते काढलं म्हणजे दुकानच गेलं!

आईला आकडा सांगितला. पीठ मळता मळताच म्हणाली, "सोलला जा. माझे हात शाबूत आहेत. दुसऱ्याच्या दुकानात मळीन."

शेजारच्या सुक्या मासळीवाल्या मालसूनकाकू — "सिनेमा शिकून करणार काय? पॉपकॉर्न विकणार?"

आई — "विकेल! तुला फुकट नाही देणार!"

काय बाई आहे ही!

९ नोव्हेंबर

बुसानची मुलाखत. बरी झाली.

१३ नोव्हेंबर

उद्या सोल. उद्याच माझा वाढदिवस! आईने आजवर एकाही वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप चुकवलेलं नाही. पण परीक्षेच्या दिवशी ते खायचं नसतं — बुळबुळीत, खाणारा घसरतो, नापास होतो. चिकट चिक्की खायची, म्हणजे जागा चिकटते. आईने दात उपटणारी चिक्की आणून ठेवलीय.

एक वाटी सूप वाढलं असतं तर दुकान वाचलं असतं. वाढदिवस म्हटल्यावर कोण बोललं असतं? तिच्या मनाला ते शिवलंसुद्धा नाही. मला तिचा इतका अभिमान वाटतो की रडू येतं.

१४ नोव्हेंबर

सोल स्टेशनवर मीच सूप मागवलं. दोन वाट्या. मुद्दाम!

काय उपयोग? कू मॅडमनी अर्जासोबत पाठवलेली माझी फिल्म नीट पाहिली होती. "ती मुलगी दारात थांबते, तिथे कॅमेरा हलवला नाहीस. का?" हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी बोलतच सुटले. घसरायचं राहूनच गेलं.

आणि त्या ऐकतात कशा! पेन खाली ठेवून, मान तिरकी करून, जणू त्यांनाच काही शिकायचंय. अशा बाईच्या हाताखाली दोन वर्षं — नको. लिहीतच नाही.

२ डिसेंबर

दोन्हीकडे पास.

३ डिसेंबर

आईला सांगितलं, सोलचं नाही झालं. तोंड धुता धुता सांगितलं, म्हणजे तिच्याकडे बघावं लागू नये. ती — "डोळे फुटलेत मेल्यांचे!" आणि वाढदिवसाचं राहिलेलं सूप करायला घेतलं.

बुसानच बरं. दुकान राहील.

६ डिसेंबर

दुकानाला कुलूप! मालसूनकाकू म्हणाल्या, "पहिल्या गाडीने सोलला गेली. त्या मॅडमला विचारते म्हणाली, माझ्या पोरीत काय कमी आहे ते!"

मेले!

दुपारी तिचा फोन. ओरडली नाही. "मॅडम भेटल्या. दुकान सोडतेय म्हणून जागामालकाला कळवलंय. आता फी भरायची खिडकी शोधतेय. तू जेवलीस का?"