दुधी काच

अमरावती, ८ सप्टेंबर २०२४

ती. आईस, चंदनचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि शेजारच्या माणिकबाई मध्येच स्वतःच्या चार गोष्टी घुसडतात, म्हणून पत्रच बरं. लोणच्याची बरणी तुझ्या सुनेने, हर्षाने, आठवड्यात संपवली, नाव मात्र माझं घेते.

कॅम्पातल्या एका जुन्या इंग्रजी इमारतीचं सुतारकाम मिळालंय. रागावू नकोस, तिथे साहेबलोकांची दारूची बैठक होती आणि आता पब उघडणार आहे. पण इमारत अशी नेटकी की बघत राहावं. दार बरोब्बर मध्ये, त्यावर अर्धगोल काच, दोन्ही बाजूंना दोन-दोन खिडक्या आणि वर ओळीत पाच. तावदानं खालून वर सरकतात; त्यांना तोलणारी लोखंडी वजनं चौकटीच्या पोटात लपवली आहेत. काच साफ, त्यामुळे रस्त्यावरून आतलं प्रत्येक टेबल दिसतं. ती खालची तावदानं आता दुधी काचेची करायची आहेत.

गुडघ्यांना तेल लावत जा. हर्षाचा नमस्कार.

तुझा चंदन

अकोला, १६ सप्टेंबर

चि. चंदनास अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. दारूच्या जागेचं काम घेतलंस म्हणून रागावले नाही, पोट कोणाला चुकलंय? पण दुधी काचेचं वाचलं आणि ताट तसंच सारून उठले.

बंडूला जाऊन सहा वर्षं झाली. मोर्णा नदीकाठच्या त्या दारूच्या दुकानाला खिडकीच नव्हती, दाराला पोत्याचा पडदा. त्या संध्याकाळी मी तीन खेपा घातल्या. दुकानदार दरवेळी दारातच अडवून म्हणे, की तुमचं पोरगं आलंच नाही इकडं, काहून चकरा मारून राहिल्या बाई. सकाळी माझा बंडू तिथेच बाकाखाली सापडला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी आणला असता तर वाचला असता. एक काच असती तर मला माझं लेकरू दिसलं असतं रे. कॉलर धरून ओढत आणलं असतं.

मालकाला हात जोडून सांग, काच साफच राहू दे. त्या रस्त्यानेही कोणाची तरी आई जाईल.

माया आहेच, ती वाढव.

तुझी आई

अमरावती, २४ सप्टेंबर

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

चार दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. शेवटी हर्षाच म्हणाली, की आईले खरं काय ते सांगून टाका, आतल्या आत झुरून राहिले तुमी.

दुधी काच मालकाला मीच सुचवली. आत बसलेल्या माणसाला घरच्यांनी पाहू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या संध्याकाळी तू मलाही शोधायला पाठवलं होतंस. मी पडदा सारून आत गेलो होतो. दादा बाकावर आडवा पडला होता. शेजारी माझ्या कामावरचे चौघे बसले होते. एकाने विचारलं, की हा तुझा भाऊ का. मी नाही म्हणालो आणि निघून आलो. तुला सांगितलं, दिसला नाही. वाटलं, उतरली की येईल घरी.

काच साफच बसवीन, मालकाला पटवतो. दादाचं काय करू, ते मला कळत नाही.

चंदन

अकोला, ३ ऑक्टोबर

चि. चंदनास अ. उ. आ.

पत्र मिळालं. वाचून जाळून टाकलं, म्हणजे कोणाच्या हाती लागणार नाही.

तू तेव्हा बावीस वर्षांचा होतास, हे मी रोज मनाला सांगून पाहते. मन ऐकत नाही. हर्षा गुणाची आहे, तिला जप. वेळेवर जेवत जा.

तुझ्यावरचा जीव कमी होत नाही, तो कुठे जाणार? पण यंदा दिवाळीला येऊ नकोस.

तुझी आई